माघारीच्या दिवसालाही पहारा द्या: राज्य निवडणूक आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. राज्य निवडणूक आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

मतदानाच्या दिवशी केंद्रावर पोलीस असतात, 100 मीटरची रेघ आखलेली असते, मतांचा हिशेब लागतो. ग्रामपंचायतीत दहशतीचे काम मात्र त्याआधीच उरकलेले असते. 2021 मध्ये मतदान 15 जानेवारीला होते आणि अर्ज माघारीची मुदत 4 जानेवारीला दुपारी 3 वाजता संपली. जिथे त्या तीनच्या आत एकच अर्ज उरला, तिथल्या मतदाराला 15 तारखेला काही कामच राहिले नाही. माघारीच्या दिवसालाही मतदानाच्या दिवसाइतकाच बंदोबस्त द्यावा, एवढीच आमची मागणी आहे.

अर्ज मागे घेतला नाही तर उसाला तोड मिळणार नाही, सोसायटीचे पीककर्ज अडेल, बांधावरची वाट बंद होईल, संस्थेत लागलेल्या मुलाचे बघावे लागेल, असे निरोप रात्री घरी येतात. 9 डिसेंबर 2024 रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून झाला. ते प्रकरण खंडणीचे होते, माघारीचे नव्हे. पण गावात निरोप ऐकणाऱ्या बाईमाणसाच्या डोळ्यांसमोर तेच येते. त्यात ‘बिनविरोध करा, निधी घ्या’ अशा घोषणा होतात. पैसा जनतेचाच, आणि त्याचेच निमित्त करून, अर्ज मागे न घेणाऱ्या उमेदवाराला ‘तुझ्यापायी गावाचा निधी गेला’ म्हणून एकटे पाडले जाते. गावाने एकत्र बसून मनापासून बिनविरोध केले तर त्याला आमचा विरोध नाही. पण ते मनापासून होते की नाही, हे कागदावर कुठेच दिसत नाही.

माघारीच्या टेबलापाशी काय घडते ते पाहा. बहुतेक अर्ज शेवटच्या तासात येतात. दालनात गर्दी, उमेदवाराच्या दोन्ही अंगांना दोघे उभे. निवडणूक निर्णय अधिकारी विचारतात, “स्वखुशीने घेताय ना?” आणि उत्तर बाजूचाच देतो. महिला उमेदवार असेल तर हमखास. सही नामनिर्देशनपत्रावरच्या सहीशी ताडून पाहायला वेळ नसतो. तीन वाजले की चिन्हवाटप. निकाल जाहीर झाला की उरतो तो ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 15 खालचा, निवडणुकीला आव्हान देणारा अर्ज, 15 दिवसांत, दिवाणी न्यायाधीशांकडे. ज्याने भीतीने सही केली, तो 15 दिवसांत कोर्टाची पायरी कशी चढणार?

फौजदारी कायद्यात तरतूद आहे. भारतीय न्याय संहितेने ‘निवडणूकविषयक हक्का’त उभे राहणे, न राहणे आणि माघार घेणे हे तिन्ही धरले आहेत. कलम 171 प्रमाणे उमेदवारालाच काय, त्याच्या जिवाभावाच्या माणसाला धमकावणे हाही गैरवाजवी प्रभाव ठरतो. पण कलम 174 ची शिक्षा फार तर एक वर्ष, आणि गुन्हा अदखलपात्र. ठाण्यात एन. सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून माणसाला घरी पाठवतात. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास सुरूच होत नाही. वाळीत टाकण्याची धमकी असेल तर 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा लागू पडतो, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. माघारीच्या काळात तो वापरण्याच्या स्पष्ट सूचना ठाण्यांना गेल्या पाहिजेत.

2021 च्या त्याच निवडणुकीत उमराणे (जि. नाशिक) आणि खोंडामळी (जि. नंदुरबार) येथे पदांच्या बोलीचे प्रकार उघड झाले. तत्कालीन आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी अहवाल आणि चित्रफिती पाहून दोन्ही निवडणुका रद्द केल्या. आयोगाला अधिकार आहे, हे तिथे दिसले. बोलीची चित्रफीत होती म्हणून ते जमले. रात्रीच्या निरोपाची चित्रफीत कोण काढणार? म्हणून नोंद टेबलावरच व्हायला हवी.

माघारीसाठी वेगळी खोली ठेवा. आत उमेदवार, निर्णय अधिकारी आणि एक महिला कर्मचारी, एवढेच. आवाजासह चित्रीकरण. प्रश्न तीन: अर्ज कोणी लिहिला, सोबत कोण आले, कुणी काही बोलले का. पाच मिनिटे पुरतात. सही आणि ओळखपत्र तिथेच ताडावे. सूचकाच्या हाती अर्ज आला तर उमेदवाराशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय तो स्वीकारू नये. तीनच्या आत आवारात आलेल्यांना टोकन द्यावे, म्हणजे घाईचे निमित्त उरणार नाही. बाहेर 100 मीटरपर्यंत गाड्यांचे ताफे नकोत, आणि तिथेही कॅमेरा हवा.

जिथे एकच अर्ज उरेल, तिथे निकाल 48 तास थांबवून चित्रीकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावे. त्या जागेसाठी मतदान यंत्र तयार करायचेच नसते, त्यामुळे बाकीच्या कार्यक्रमाचे काही अडत नाही.

आणखी एक. आयोगाच्या 6 नोव्हेंबर 2018 च्या आदेशाने महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायतींत ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक होते. मतदानच झाले नाही तर हे बटण मतदाराच्या हाती येतच नाही. एकटा उमेदवार विरुद्ध ‘नोटा’ असे मतदान घेण्यासाठी नियमबदलाचा प्रस्ताव शासनाकडे पाठवावा, आणि त्यात ग्रामपंचायतींचाही समावेश असावा.

खोलीची आणि चित्रीकरणाची व्यवस्था परिपत्रकाने करता येईल. पुढच्या कार्यक्रमाच्या घोषणेबरोबरच ते परिपत्रक तहसील कार्यालयांत पोहोचावे, ही विनंती.

आपले,
निवडणूक कामकाज जवळून जाणणारे काही नागरिक