सुमे, त्या तीन पट्ट्यांच्या आत काय झालं ते ऐक

सांगली,
रविवार, दुपार

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू विचारलंस, "मालू, खरंच काढलंय ना गं अपेंडिक्स? पोटावर तर नुसत्या तीन पट्ट्या दिसतायत." मी ड्यूटीवर होते, पुढचा पेशंट ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, घ्यायचा होता. "हो गं, दुर्बिणीनं काढलंय," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. तेवढ्यानं तुझं समाधान झालं नाही हे तुझ्या आवाजावरून कळलं. होणार कसं? पोरगा पुण्यात हॉस्टेलवर, तू आटपाडीत, आणि तू एसटीत बसेपर्यंत त्याला टेबलावर घेतलेलं. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी सगळं सविस्तर लिहिते. आत्याबाईंनाही वाचून दाखव. "आमच्या वेळी वीतभर कापायचे" असं त्या म्हणतात ते अगदी खरं आहे.

सगळ्यात आधी ओव्याचं. त्यानं पहिल्यांदा फोन केला तेव्हा तू "ओवा चावून खा, गरम पाणी पी" म्हणालीस, ते तुझ्या मनाला लागून राहिलंय. ते काढून टाक. त्या वेळी त्याचं बेंबीभोवतीच दुखत होतं, आणि बेंबीभोवतीचं दुखणं अपचनाचं असतं, मेसच्या खाण्याचं असतं, जंतांचंही असतं. तिथं कुठल्याही आईनं ओवाच सांगितला असता.

खरी गंमत, म्हणजे खरं संकट, पुढेच आहे. मोठं आतडं जिथं सुरू होतं तिथं, उजव्या बाजूला खाली, एक बारीक नळी लोंबत असते. करंगळीहून बारीक, साधारण बोटभर लांब, आणि टोकाला बंद. तेच अपेंडिक्स. कधी मळाचा कडक खडा, कधी आतल्या गाठींची सूज, असं काही तरी तिचं तोंड बुजवतं. आतला स्राव साठत राहतो, ताण वाढतो, नळीच्या भिंतीचा रक्तपुरवठा मंदावतो आणि आतले जंतू फोफावतात. सुरुवातीला आतड्याच्या नसांना नेमकी जागा सांगता येत नाही. या नळीकडून येणारा संदेश मज्जारज्जूत जिथं पोचतो तिथंच बेंबीच्या पट्ट्यातल्या नसाही येतात, म्हणून माणूस बेंबीवर हात ठेवतो. मग सूज नळीच्या बाहेरच्या बाजूला आली आणि पोटाच्या आतल्या अस्तराला टेकली की दुखणं उजवीकडे खाली उतरतं आणि एका जागी रुतून बसतं. त्या अस्तराला जागा बरोबर कळते. न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी नावाच्या सर्जननं 1889 साली ही जागा दाखवून दिली: उजव्या खुब्याच्या पुढच्या हाडापासून बेंबीपर्यंत रेघ ओढायची आणि हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर बोट ठेवायचं. आजही कॅज्युअल्टीतला कुठलाही शिकाऊ डॉक्टर तिथंच दाबून बघतो.

तेव्हा सुमे, तू शेजारणींना, बचत गटातल्या बायकांना एवढं जरूर सांग. कळ जागा बदलून उजवीकडे खाली आली, जेवणावरची वासना गेली, खोकताना किंवा गाडीच्या धक्क्यानं तिथं चमक मारली, तर ओवा नाही, हिंग नाही, गरम पाण्याची पिशवी नाही आणि जुलाबाचं औषध तर मुळीच नाही. सरळ दवाखाना. दिवस-दीड दिवस उलटला की नळी फुटण्याचा धोका वाढत जातो. तुझ्या लेकाच्या रूममेटनं त्याला रात्रीच रिक्षात घातलं, त्या पोराला माझा आशीर्वाद सांग.

आता आत काय झालं ते. त्या ओटीत मी नव्हते, पण हे ऑपरेशन सगळीकडे जवळजवळ सारखंच चालतं.

त्याला पूर्ण भूल दिली. घशातून श्वासनलिकेत नळी घातली होती, म्हणून दोन दिवस घसा खवखवतोय. डॉक्टर त्याच्या डाव्या बाजूला उभे राहिले असणार. डाव्या बाजूनं उजवीकडे खाली नीट पोचता येतं. बेंबीपाशी छोटी चीर दिली आणि तिथून पोटात कार्बन डायऑक्साइड सोडला. पोटाची भिंत उचलली गेल्याशिवाय आतलं काही दिसत नाही आणि हत्यार फिरवायला जागाही मिळत नाही. साधी हवा का नाही भरत? हा वायू पेटत नाही, आणि आत तर जाळणारं, विजेवर चालणारं हत्यार वापरायचं असतं. शिवाय तो रक्तात विरघळून फुप्फुसावाटे बाहेर पडतो. त्याचा दाब मशीन सांभाळतं, साधारण 12 ते 15 मिलिमीटर पाऱ्याइतका. भूलतज्ज्ञांचं सगळं लक्ष त्या आकड्यावर आणि पोराच्या श्वासावर असतं. ऑपरेशन म्हटलं की सगळ्यांना सर्जन आठवतो. मला मात्र डोक्याशी बसलेला तो माणूस नेहमी आठवतो.

बेंबीच्या पोर्टमधून, म्हणजे त्या चिरेत बसवलेल्या नळीतून, दुर्बीण जाते, बहुतेक ठिकाणी 10 मिलिमीटरची. बाकीची दोन भोकं त्याहून लहान, हत्यारांसाठी. मग टेबल डोक्याकडे खाली आणि डाव्या कुशीवर कलतं करतात, म्हणजे आतडी आपोआप बाजूला सरकतात. दुर्बिणीची काच पोटातल्या उबेत धुकटते, तेव्हा ती बाहेर काढून गरम सलाइनमध्ये बुडवायची, पुसायची, परत द्यायची. आमच्या ओटीत हे काम माझं. धुकटलेल्या काचेतून कुणी पुढं जायचं नाही, हा आमच्या ओटीचा नियम आहे, आणि डॉक्टर घाईत असले तरी मी काच मागून घेते.

पडद्यावर मोठ्या आतड्याच्या भिंतीवरचे तीन पट्टे दिसतात. ते जिथं एकत्र येतात तिथंच अपेंडिक्सचं मूळ. ते सापडलं की निम्मं काम झालं, पण सुजलेलं अपेंडिक्स कधी आतड्याच्या मागं दडलेलं असतं, कधी चरबीच्या पदरानं गुंडाळलेलं. शरीर बिचारं आपल्या परीनं आग आवरायला धावतं. ते हळूहळू सोडवायचं. त्याच्या कडेनं रक्तवाहिनी येते, ती जाळून किंवा क्लिप लावून बंद करायची. मग मुळाशी धाग्याचा फास सरकवायचा. आधी एक, बहुतेक जण दुसराही टाकतात, आणि वरून कापायचं. कापलेला तुकडा छोट्या पिशवीत घालून बेंबीतून बाहेर. पिशवी यासाठी की तो पू-जंतूंचा तुकडा भोकाच्या कडेला लागू नये. नाही तर सगळं छान होऊन बेंबी पिकते.

म्हणजे बघ, वीतभर कापून जे करायचे तेच सगळं इथं झालंय. रक्तवाहिनी तीच, मूळ तेच, गाठही तीच. भोक लहान म्हणून ऑपरेशन लहान, असं आत्याबाई समजतात तसं त्याचे मित्रही समजतील आणि चार दिवसांत त्याला क्रिकेटला नेतील. त्यांना अडव.

आता त्याच्या खांद्याचं. पोटाचं ऑपरेशन आणि उजवा खांदा दुखतोय म्हणून तू घाबरलीस. कुणी हात पिरगाळलेला नाही. पोटात राहिलेला थोडा वायू छातीच्या पडद्याखाली जाऊन बसतो. त्या पडद्याची नस मानेतून निघते आणि खांद्याच्या नसाही तिथल्याच, म्हणून पडदा चिडला की खांदा दुखतो. दोन-तीन दिवसांत ओसरतो. त्याला उठवून चालायला लाव, पडून राहू देऊ नकोस.

भावोजींनी विचारलंय की गोळ्या-इंजेक्शनांनी बरं झालं नसतं का. प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर सरळ "नाही" असं नाही. अपेंडिक्स फुटलेलं नसेल तर नुसत्या अँटिबायोटिक्सवर बरे होणारे लोक आहेत. अमेरिकेत यावर मोठा अभ्यास झाला, 2020 साली छापून आला. औषधांवर ठेवलेल्यांपैकी दहातल्या सुमारे तिघांना तीन महिन्यांच्या आतच ऑपरेशन करावं लागलं, आणि ज्यांच्या नळीत खडा होता त्यांच्यात हे प्रमाण जास्त होतं. फिनलंडमध्ये अशाच लोकांकडे पाच वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा दहातल्या जवळपास चौघांना ते पुन्हा उलटलं. तुझ्या लेकाच्या सोनोग्राफीत खडा दिसला होता असं तू म्हणालीस. परीक्षा तोंडावर, राहणं एकट्याचं. मला विचारशील तर डॉक्टरांनी योग्य केलं, आणि माझा पोरगा असता तर मीही हेच करायला सांगितलं असतं.

तुला एक माहीत नसेल, हे दुर्बिणीचं अपेंडिक्स पहिल्यांदा कुणा सर्जननं काढलं नाही. जर्मनीत कील नावाच्या गावी कुर्ट झेम नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते, त्यांनी 13 सप्टेंबर 1980 ला काढलं. बायकांच्या तपासण्या ते दुर्बिणीनं करत होते, त्यातून त्यांचा हात बसला होता. वायूचा दाब सांभाळणारं यंत्र, फासाच्या गाठी, असं कितीतरी त्यांनी स्वतः घडवलं. आणि त्याबद्दल मिळालं काय? तिथल्या सर्जनांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी त्यांना डॉक्टरकी करण्यापासूनच रोखायची मागणी केली! हे वाचल्यापासून त्या माणसाविषयी मला फार माया वाटते. आज जगभर लाखो पोरं चार दिवसांत वर्गात परत बसतात, त्यामागे त्यांचा हा हट्ट आहे.

आपल्याकडे हे आणलं ते मुंबईच्या डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी. 1990 साली जे. जे. रुग्णालयात त्यांनी देशातलं दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन केलं. जे. जे. म्हणजे गोरगरिबांचं इस्पितळ. लोक म्हणत होते, ही श्रीमंत देशांची थेरं, आपल्याला कुठं परवडणार? त्यांचं म्हणणं उलटं होतं: हातावर पोट असलेल्यालाच लवकर कामावर जाण्याची गरज जास्त. सुमे, हे म्हणणं किती खरं आहे ते मी इथं रोज बघते.

गेल्या हंगामात एक ऊसतोड मजूर बाई आली. तीन-चार दिवस पोट धरून मोळ्या बांधत होती. मुकादमाची उचल अंगावर, खाडा केला तर दंड. कुणी तरी वेदनेची गोळी देत राहिलं, त्यानं कळ दबली आणि आत नळी फुटली. आमच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली, पण सगळीकडे पू आणि आतडी एकमेकांना चिकटलेली. त्यांनी लगेच पोट उघडायचा निर्णय घेतला. पुष्कळ नातेवाईकांना वाटतं, दुर्बिणीनं सुरू करून मोठं कापलं म्हणजे काही तरी चुकलं. ते चुकणं नाही गं. हट्टानं भोकातूनच काम रेटणं ही चूक झाली असती. ती बाई वाचली. पण पोटात पू निचरायची नळी, जखमेत पू, आणि टोळी पुढच्या गावाला निघून गेली तरी ही वॉर्डातच. तिचा नवरा कॉटखाली झोपायचा. तेच दुखणं, तेच अपेंडिक्स, पण तुझा लेक दुसऱ्या दिवशी घरी आणि ही बाई आठवडेच्या आठवडे पडून. फरक फक्त वेळेवर पोचण्याचा, आणि तिला कुणी पोचूच दिलं नाही. मला याचा राग येतो, अजून येतो.

असो. आता घरचं.

आत्याबाई म्हणतील भात नको, वरण नको, वांगं नको, टाके पिकतील. त्यांचा मान राख, पण पोराला सगळं खाऊ दे. भातानं टाके पिकत नाहीत. आधी हलकं, भूक लागेल तसं नेहमीचं. पाणी भरपूर, फळं, पालेभाजी, म्हणजे शौचाला जोर करावा लागणार नाही. डाळिंबं तर तुमच्या बांधावरच आहेत. पट्ट्या कधी काढायच्या, अंघोळ कधी करायची ते त्याच्या डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं असेल, तसंच कर. जड उचलणं, पोत्याला हात लावणं, मोटरसायकलला किक मारणं काही आठवडे बंद.

ताप आला, बेंबी लाल होऊन पाणी किंवा पू येऊ लागला, पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, तर माझ्या फोनची वाट बघू नकोस. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना लगेच दाखव. पुणं लांब वाटलं तर सांगलीला घेऊन ये, पण घरी थांबू नको.

आणखी एक, हे विसरू नकोस. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीत घालून तपासायला पाठवतात. त्याचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो आणि बरेच लोक तो न्यायलाच जात नाहीत. क्वचित त्यात दुसरंच काही निघतं आणि पुढं लक्ष ठेवावं लागतं. बहुतेक वेळा काही नसतं, तुझ्या लेकाच्यातही नसणार, पण कागद हातात हवा. तूच विचारलंस ना, खरंच काढलंय का? तो रिपोर्ट म्हणजे त्याचं लेखी उत्तर आहे.

रिपोर्ट आला की फोटो काढून पाठव, मी आमच्या डॉक्टरांना दाखवते. दिवाळीच्या सुट्टीत पोराला घेऊन दोन दिवस राहायलाच या. आत्याबाईंना आणि भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझीच,
मालू