पंचवीस सेंटचं तिकीट काढून एकच चित्र

संपादक साहेब, नमस्कार.

रविवार पुरवणीत निसर्गचित्रांवरचा लेख वाचला, मस्त होता, पण सगळं फ्रान्सच! अमेरिकेच्या फ्रेडरिक चर्च या चित्रकाराचं साधं नावही नाही, म्हणून हे पत्र. मागच्या वर्षी लेकीकडे न्यूयॉर्कला गेलो तेव्हा मेट म्युझियममध्ये त्याचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतांचं ‘हार्ट ऑफ द अँडीज’ हे चित्र बघितलं, दहा फूट रुंद, आणि डावीकडच्या झाडाच्या सालीवर कोरल्यासारखी त्याची सही, ती शोधण्यातच माझी दहा मिनिटं गेली (बायको वैतागली). 1859 साली हे एकच चित्र बघायला लोकं पंचवीस सेंट देऊन रांगा लावायची, जवळ ऑपेरा ग्लासेस (छोट्या दुर्बिणी) घेऊन, तीन आठवड्यांत बारा हजारांवर माणसं! नंतर ते दहा हजार डॉलरला विकलं गेलं. हा चर्च म्हणजे निसर्गचित्रकार थॉमस कोलचा शिष्य, दक्षिण अमेरिकेत दोनदा फिरून स्केचेस करून आणली आणि चित्र मात्र स्टुडिओत बसून रंगवलं. पुढे संधिवाताने उजवा हात गेला तर पठ्ठ्या डाव्या हाताने रंगवायला लागला. पण तोवर फॅशन बदललेली, 1900 साली वारला तेव्हा फारसं कुणाला आठवतही नव्हता. त्याच्यावर एखादं पान द्या की!

आपला एक जुना वाचक, सातारा