नाव न विचारलेल्यांचे आभार

परवा माझ्या फोटोपत्राचा 36 वा अंक रवाना झाला. महिन्याला एक फोटो, त्यामागची गोष्ट आणि कॅमेऱ्याबद्दल चार ओळी, एवढाच पसारा. पैसा शून्य. तरी तीन वर्षांत जे पदरात पडलं, ते बहुतेक अनोळखी माणसांनी टाकलेलं.

मुंबईतल्या ससून डॉकवरच्या त्या कोळीण मावशी आधी आठवतात. 1875 चा हा धक्का, पहाटे साडेपाचची वेळ. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, 3200 वर नेऊनही उजेड पुरत नव्हता. मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे सरकत होतो आणि मागून बर्फाची हातगाडी येत होती. मावशींनी दंडाला धरून खेचलं. "फोटो काय पलून जातंय? आधी बाजूला हो!" शर्टाच्या बाहीला कोळंबीचा वास दोन धुण्यांपर्यंत टिकला. कॅमेरा मात्र वाचला. (आणि मीही, असं बायको म्हणते.)

त्याच फोटोखाली मी तारलीला बांगडा म्हटलं होतं. एका वाचकाने लगेच लिहिलं, "बांगड्याच्या पाठीवर काळसर रेघा असतात, तुमच्या टोपलीत त्या दिसत नाहीत." कान धरले. तेव्हापासून मजकूर पाठवण्याआधी टोपलीवाल्यांनाच विचारतो.

पावसात बॅग आपल्या ताडपत्रीखाली घेणारे चहावाले काका, तुमचेही आभार. कटिंगचे पैसे द्यायचे राहिलेत, पुढच्या रविवारी येतो.