खुले पत्र: साताऱ्याच्या मुलांना विमान उडवायला रविवारची सकाळ द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
सातारा

विषय: रेडिओ कंट्रोल मॉडेल विमाने बांधायला व उडवायला शिकणाऱ्या मुलांसाठी जिल्ह्यात एक सुरक्षित मैदान ठरवून देण्याबाबत

माननीय महोदय,

मी आपल्या जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. शाळा सुटल्यावर आठवी ते दहावीची काही मुले-मुली आणि आयटीआयमधले दोन-तीन तरुण माझ्यासोबत बसून मॉडेल विमाने, म्हणजे जमिनीवरून रिमोटने उडवायची छोटी विमाने, बांधतात. बांधायला वर्गाचा कोपराही पुरतो. उडवायला मात्र आम्हाला जागा नाही. आम्हाला जमीन नावावर करून नको, इमारत नको, कुंपणही नको. सरकारी मालकीचे एखादे मोकळे माळरान किंवा वापरात नसलेले मैदान रविवारी सकाळी दोन-अडीच तास, लेखी परवानगीने आणि लेखी नियमांसह मिळावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे. खुले अशासाठी, की ही अडचण फक्त माझ्या शाळेची नाही. वाई, फलटण, कराड, कोरेगाव, कुठेही एखाद्या मुलाने हा छंद धरला की महिन्याभरात तो याच प्रश्नापाशी येऊन थांबतो.

हा छंद दुरून पाहणाऱ्याला महागडे खेळणे वाटतो, म्हणून त्यात नेमके काय घडते ते आधी सांगतो.

आमचे पहिले विमान नेहमी एकाच ठेवणीचे असते: पंख धडाच्या वर बसवलेला, दोन्ही टोकांना किंचित वर उचललेला, साधारण एक मीटर लांबीचा. अशा पंखाचे विमान वाऱ्याने तिरपे झाले तरी स्वतःहून सरळ व्हायला बघते. नवशिक्याला त्यामुळे विचार करायला दोन क्षण जास्त मिळतात. धड आणि पंख डेप्रॉनच्या पातळ फोम शीटचे किंवा कोरुगेटेड प्लास्टिक शीटचे. पंखाच्या आतून बांबूची काडी किंवा कार्बनची नळी. सर्व्होपासून (हुकमाप्रमाणे फिरणाऱ्या छोट्या मोटरपासून) एलेव्हेटर आणि रडरपर्यंत, म्हणजे नाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीच्या पट्ट्यांपर्यंत, जाणारी तार म्हणून सायकलचा स्पोक चालतो. जोडायला हॉट ग्लू, कारण झटपट चिकटवणारा साधा गोंद थर्माकोलसारखा फोम खाऊन टाकतो. हे मुलांना एका वाया गेलेल्या तुकड्यावर दाखवले की पुन्हा सांगावे लागत नाही. मग ब्रशलेस मोटर, तिला वीज मोजून देणारा स्पीड कंट्रोलर, नऊ ग्रॅम वजनाचे सर्व्हो, सिग्नल पकडणारा रिसीव्हर आणि तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी. सगळे मिळून वजन एक किलोच्या आत राहते. खर्च दहा-बारा हजारांच्या घरात जातो आणि त्यातला मोठा वाटा ट्रान्समीटरचा, म्हणजे हातातल्या रिमोटचा असतो. पण ट्रान्समीटर एकदा घेतला की वर्षानुवर्षे चालतो आणि पाच-सहा मुलांत एक पुरतो.

यात किती विज्ञान आहे पाहा. मोटरवर १००० केव्ही असे लिहिलेले असते, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला एक हजार फेरे. तीन सेलची बॅटरी ११.१ व्होल्टची, म्हणजे भार नसताना अकरा हजारांच्या वर फेरे. हा गुणाकार मुलगा फळ्यावर करतो तेव्हा त्याला त्यात रस नसतो, पण आपल्या विमानाला कोणता पंखा लावायचा हे ठरवताना तोच गुणाकार तो तीनदा तपासतो. एका सेलचा व्होल्टेज भरल्यावर ४.२ असतो, तो फार खाली उतरू द्यायचा नाही, फुगलेली बॅटरी वापरायची नाही, चार्जिंगला लावून घराबाहेर जायचे नाही. ही शिस्त आमच्याकडे पहिल्या दिवसापासून असते. आणि सर्वांत महत्त्वाचा तो गुरुत्वमध्य. पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर दोन्ही बाजूंनी बोटे टेकवून विमान तोलायचे. शेपटी जड राहिली तर हात सुटताच नाक वर जाते, वेग पडतो, पंखाची उचल संपते आणि विमान खाली येते. बॅटरी दोन सेंटिमीटर पुढे सरकवली की तेच विमान शांतपणे जाते. नववीच्या मुलीने हा फरक स्वतःच्या हाताने घडवला की बलाच्या आघूर्णाचा धडा मला वेगळा शिकवावा लागत नाही.

आता उडवण्याचे. मैदानाची गरज इथेच लागते.

विमान आपल्यापासून दूर जात असते तोवर डावे ते डावे आणि उजवे ते उजवे असते. ते वळून आपल्याकडे यायला लागले की सगळे उलटते. नवशिक्यांची बहुतेक विमाने याच क्षणी पडतात. आम्ही मुलांना एक खूण शिकवतो: विमान समोरून येत असेल तर जो पंख खाली झुकला असेल त्याच बाजूला स्टिक लोटायची. संगणकावरच्या सिम्युलेटरवर हे पुष्कळ घोटून घेता येते आणि आम्ही घेतो. तरी खऱ्या वाऱ्यात, खऱ्या विमानाबरोबर पहिल्यांदा उभे राहताना शेजारी जाणता माणूस लागतोच. त्यासाठी दोन ट्रान्समीटर केबलने जोडता येतात. मुलाच्या हातून विमान सुटतेय असे दिसले की शिक्षक एक स्विच सोडून ताबा आपल्याकडे घेतो, सायकल शिकवताना मागून सीट धरून पळणाऱ्या माणसासारखा. पण ताबा घेऊन विमान सावरायलाही उंची आणि मोकळी हवा लागते. झाडे, तारा आणि माणसे यांच्यामध्ये अडकलेल्या पट्टीत ते कुणालाच जमत नाही.

सुरुवातीच्या विमानाला साधारण २०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद जागा पुरते, म्हणजे सुमारे पाच एकर. उडवणारे सगळे एका रेषेत, एकाच बाजूला उभे राहतात. पाहणारे त्यांच्या मागे. विमान त्या रेषेच्या मागे कधीही न्यायचे नाही. सकाळी उडवायचे तर उडवणाऱ्यांची पाठ पूर्वेला हवी, नाहीतर विमान सूर्यासमोर गेले की दिसेनासे होते. फेकायचे ते नेहमी वाऱ्याच्या तोंडावर. आपल्याकडे सकाळी नऊपर्यंत हवा बहुधा शांत असते, ऊन तापले की झोत सुरू होतात. म्हणून मागतो आहे ती सकाळच. मैदानाची दिशा आणि वेळ आधी ठरलेली असेल तरच हे सगळे पाळता येते.

आज काय होते? रविवारी सकाळी गावातले प्रत्येक मैदान क्रिकेटने भरलेले असते, आणि तो त्या मुलांचाही हक्काचा वेळ आहे. मग आमच्यासारखी मुले ऊस तुटून गेलेल्या रानात जातात. कोणी आनंदाने परवानगी देतो, कोणी देत नाही, आणि उसाची नवी लागण झाली की तेही बंद. काही जण नव्या रस्त्याच्या कडेला किंवा रिकाम्या प्लॉटिंगमध्ये उडवतात. तिथे विजेच्या तारा असतात, दुचाक्या जात-येत असतात. फिरणारा पंखा बोट कापू शकतो. किलोभर वजनाचे विमान वेगात कोणाच्या डोक्यावर पडले तर गंभीर इजा होऊ शकते. मला याचीच खरी धास्ती वाटते. मुले उडवणारच आहेत. जागा नसली की ती चुकीच्या जागी आणि एकटी उडवतात.

कायद्याचे म्हणाल तर तो आमच्या विरोधात नाही. केंद्र सरकारच्या ड्रोन नियम, २०२१ मध्ये मॉडेल विमानांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. पंचवीस किलोपर्यंतचे, शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी वापरले जाणारे आणि नजरेच्या टप्प्यात उडवले जाणारे मॉडेल असेल तर त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या बनावटीला मिळणारे सरकारी मान्यतेचे प्रमाणपत्र, लागत नाही. २५० ग्रॅम ते दोन किलो वजनाच्या गटात, व्यावसायिक वापर नसेल तर रिमोट पायलटचा परवानाही लागत नाही. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे आधी परवानगी न घेता उडवता येते अशा हवाई क्षेत्रात, ४०० फुटांपर्यंत उडवता येते, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. कराडला विमानतळ आहे, त्यामुळे त्या भागातल्या मुलांनी हे झोन दाखवणारा हवाई नकाशा आधी पाहायलाच हवा. त्रयस्थ विम्याची अट आहे, ती आम्हाला मान्य आहे, आणि गट म्हणून विमा काढता आला तर ती पाळणे सोपे जाईल. आमचे ट्रान्समीटर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांना आपल्या देशात वेगळा परवाना लागत नाही. शिवाय ही यंत्रणा एकाच वेळी अनेकांना एकमेकांच्या आड न येता उडवू देते.

अडचण येते ती माहितीच्या पोकळीमुळे. सण, निवडणुका, अतिविशिष्ट व्यक्तींचे दौरे यांच्या काळात ड्रोनवर मनाई आदेश निघतात. ते निघायलाच हवेत, आणि त्या दिवसांत आम्ही काहीच उडवणार नाही. पण आदेश कोणत्या भागाला, किती दिवसांसाठी, आणि तो संपल्यावर काय, हे गावच्या पोलीस पाटलालाही ठाऊक नसते आणि मुलाच्या आईवडिलांनाही. परिणामी वर्षभर सगळ्यालाच बंदी आहे असा समज होतो. एखाद्या भल्या माणसाने "कशाला भानगड" म्हणून मुलाला परत पाठवले तर मी त्याला दोष देणार नाही. ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि आपल्या सहीचा कागद असेल तर ती भानगड राहणार नाही.

यात जिल्ह्याचाही फायदा आहे, आणि तो मी मनापासून मांडतो. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर केंद्राने बंदी घातली, सुटे भाग मात्र खुले ठेवले. म्हणजे देशाला ड्रोन जोडणारे, दुरुस्त करणारे, उडवणारे हात हवे आहेत. महिला बचत गटांना १५,००० ड्रोन देण्याची नमो ड्रोन दीदी योजना आली. आपल्या उसावर आणि द्राक्षावर फवारणी करणारी ती यंत्रे बिघडली तर कोण दुरुस्त करणार? स्पीड कंट्रोलर जोडता येणारा, बॅटरी सांभाळता येणारा, वारा ओळखणारा तरुण. एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग हा शिकवण्याचा आणि स्पर्धेचा विषय आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये याच जिल्ह्यात रयत शिक्षण संस्था काढली आणि हाताच्या कामाला शिक्षणात मान दिला. आणि अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, आदिती स्वामी सतराव्या वर्षी धनुर्विद्येची जगज्जेती झाली. उसाच्या रानात उभ्या केलेल्या सरावाच्या जागेतून ती तिथवर पोचली. सरावाला हक्काची जागा मिळाली की या मातीतली मुले कुठवर जातात हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

जागेविषयी माझे मत स्पष्ट आहे. कास पठार नको. ते जागतिक वारशाचा भाग आहे आणि तिथे पायसुद्धा जपून ठेवायला हवा. चाळकेवाडीचे पठार वाऱ्यासाठी नामांकित असले, कड्यावर आपटून वर चढणाऱ्या हवेत बिनमोटरचे ग्लायडर तिथे तासन्‌तास राहू शकत असले, तरी पवनचक्क्यांच्या आसपास नवशिक्यांना नेणे योग्य नाही. कोरेगाव, खटाव, माण या पूर्वेकडच्या तालुक्यांत झाडे कमी आणि माळ सपाट आहेत. वस्तीपासून, शाळेपासून आणि उच्चदाब वाहिन्यांपासून दूर असलेला एखादा तुकडा तिथे सहज सापडेल. चराईच्या वेळा सांभाळून, ग्रामसभेला विचारून, तिथे काही कायमचे न बांधता आम्ही तो वापरू. पश्चिमेच्या मुलांना लांब पडेल हे खरे, पण लांबची सुरक्षित जागा चालेल.

आपण जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिव आहात. नाविन्यपूर्ण योजनांमधून दोन जोड ट्रान्समीटर, एक प्रथमोपचार पेटी, बॅटरीच्या आगीसाठी वाळूच्या बादल्या आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी एक कापडी नळी, एवढे घेता आले तर पहिल्या वर्षाला पुरे. बांधकामासाठी नवे काही नको. ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे केंद्राच्या योजनेतली प्रयोग करून पाहण्याची कार्यशाळा, आहे तिथे हत्यारे आहेत, जागा आहे. शनिवारी दुपारी त्या शेजारच्या शाळांनाही उघड्या ठेवाव्यात, इतकेच. आणि वर्षातून एकदा पोलीस, महसूल आणि क्रीडा कार्यालयाच्या माणसांनी मुलांसमोर बसून नोंदणी, हवाई नकाशा आणि मनाई आदेश समजावून सांगावेत.

नियमांचा मसुदा मी तयार ठेवला आहे. जाणता माणूस हजर असल्याशिवाय उड्डाण नाही, सिग्नल तुटला तर मोटर आपोआप बंद होईल अशी फेलसेफ तपासल्याशिवाय उड्डाण नाही, प्रत्येक वेळी आधी सिग्नल किती लांब पोचतो याची (रेंज) तपासणी, बारा वर्षांखालील मुलांसोबत पालक, आणि दर रविवारी कोण आले, काय उडाले, काय पडले याची वही. वही दर तीन महिन्यांनी तहसील कार्यालयात दाखवू. गैरप्रकार दिसला तर परवानगी त्याच दिवशी काढून घ्यावी, आमची हरकत नसेल.

पावसाळ्यात उडवणे होत नाही, त्या दिवसांत आम्ही बांधतो. परवानगीचे काम तेवढ्या काळात झाले तर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून सुरुवात करता येईल. आपण वेळ द्याल त्या दिवशी मसुदा, जागांची यादी आणि मुलांनी बांधलेले एक विमान घेऊन मी कार्यालयात येईन.

आपला विश्वासू,
एक विज्ञान शिक्षक
सातारा जिल्हा