आमच्या मेजरसाहेबांना उघड पत्र

मा. मेजरसाहेब,
स. न.

तुम्ही मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालात, आता वकिली आणि शेती करता. पण आमच्या कृष्णाकाठी फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच, म्हणून मीही तेच लिहिते. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, उसाची लागण कुठवर आली ते विचारता. म्हणून हे चारचौघांसमोर.

भावकीतल्या चुलत दिरांनी तारा ओढून वहिवाटीचा रस्ता बंद केला, तेव्हा आमचा आडसाली ऊस तोडणीला आला होता. टोळी आली तरी ट्रॅक्टर रानात घालायचा कुठून? मिस्टर गेल्यापासून कागद मीच बघते, पण असल्या भानगडीची सवय नव्हती. गावनकाशात रस्ता नाही म्हणजे तुमचा हक्कच नाही, असं जाणत्या म्हणवणाऱ्यांनी ठासून सांगितलं होतं.

तुमचा पहिला प्रश्न होता, "वहिनी, तार कोणत्या तारखेला लावली?" तेव्हा मला तो नुसता चौकसपणा वाटला. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली वहिवाटीचा रस्ता अडवला तर तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत, हे नंतर कळलं. मुदत टळली असती तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून नवा रस्ता मागायचा, ही दुसरी वाटही तुम्ही काढून ठेवली होती. दिवाणी दाव्याचं नावसुद्धा घेतलं नाहीत. त्यात तुमची फी वाढली असती, आणि आमचा ऊस वाळला असता.

अर्ज तुम्ही माझ्यासमोर हातानं लिहिलात. मी मध्येच "त्यांनी आमच्यावर घोर अन्याय केला" असं सुचवलं, तर म्हणालात, "घोर-बीर नको. गट नंबर, दिशा, तारीख, कोण कुठून जात होतं, एवढंच." चौकीवरचा रिपोर्ट असा लिहीत असतील, असं मनात आलं.

स्थळपाहणीचा दिवस मी विसरणार नाही. काळा कोट गाडीच्या डिकीत ठेवलात, चकचकीत बूट काढून नाड्या एकमेकींना बांधल्या आणि जोडी बाभळीच्या फांदीला अडकवली. अनवाणी, टेप घेऊन तुम्ही पुढे आणि महसूलचे सर्कल (मंडळ अधिकारी) मागे. तारेपलीकडे गवताखाली बैलगाडीच्या जुन्या चाकोऱ्या दबलेल्या होत्या. त्या तुम्ही पायानं चाचपून शोधल्या आणि पंचनाम्यात लिहायला लावल्या. शेती न करणाऱ्या वकिलाला हे सुचलं असतं का, मला शंका आहे. वकिलाला पगारी नोकरी चालत नाही, शेती चालते, असं तुम्ही हसत सांगता. त्या नियमाचा फायदा आम्हालाच झाला म्हणायचा.

आणखी एक. त्याच आठवड्यात आमचा थोरला मुलगा जेसीबी सांगून आला होता. तुम्ही त्याला ओरडला नाहीत. शेजारी बसवून एवढंच म्हणालात, "आज रस्ता त्यानं अडवलाय. उद्या तू उकरलास की आरोपी तू. मग भरतीचा फॉर्म कसा भरणार?" पोरगं गप झालं. आता पहाटे पळायला जातं.

निकाल आमच्या बाजूनं लागला, समोरचे तो फेरतपासायला प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) पुनरीक्षणात गेले, तिथंही आदेश कायम राहिला. ऊस उशिरा गेला, तुरे आले, वजनाला मार बसला. पण गेला. फी तुम्ही उसाचं बिल जमा झाल्यावर घेतलीत. आणि तार काढायच्या दिवशी पोलीस बंदोबस्त न मागता आधी चुलत दिरांच्या घरी जाऊन चहा पिऊन आलात, तेही मला नंतर त्यांच्याकडूनच कळलं. ते आता बोलतात. फार नाही, पण बोलतात.

नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नोकरीत असतानाच तुम्ही बीए केलंत आणि पेन्शनीवर आल्यावर पोरांच्या वयाच्या मुलांबरोबर तीन वर्षं एलएलबीच्या वर्गात बसलात, हे तुमच्या घरच्या वहिनींनी सांगितलं. तुम्ही कधी बोलला नाहीत. त्या तीन वर्षांत रान त्यांनी सांभाळलं. त्यांचेही आभार. ते तुम्ही पोचवाल याची खात्री नाही, म्हणून इथंच लिहिते.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे आदेशाची नक्कल तलाठ्यांकडे दिली आहे. सातबाऱ्यावर इतर हक्कांत रस्त्याची नोंद लागली की उतारा घेऊन कोर्टात येते. तिथं नसलात तर रानात.

आपली,
वरच्या आळीतली वहिनी