‘गोळीने वजन वाढतं’ एवढंच लिहून थांबू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत संततिनियमनाच्या साधनांवर लेख आला होता, त्यात एक ओळ होती की हार्मोनच्या साधनांनी वजन वाढू शकतं, अंगात पाणी साठू शकतं. बस्स. पुढचा परिच्छेद लगेच डाएटवर. आता ही ओळ खोटी नाहीये, पण अशी लिहिली की गोळी, इंजेक्शन, गर्भाशयात बसवायची हार्मोनवाली कॉइल सगळं एकाच माळेत ओवलं जातं आणि त्याचं पुढे काय होतं ते मला रोज दिसतं, कारण मी लालबागला मेडिकलच्या काउंटरवर असते, डी.फार्म. करून बरीच वर्षं झालीत.

नवीन लग्न झालेली मुलगी गोळीचं पाकीट घ्यायला आली की पहिला प्रश्न ठरलेला, “ताई, याने जाड नाही ना होणार?” बीपीचं कोणी विचारत नाही, रक्ताच्या गुठळीचं कोणी विचारत नाही, मायग्रेन आहे ते आपणहून कोणी सांगत नाही. फक्त वजन. मग दुसऱ्या महिन्यात ती येतच नाही, आणि काही महिन्यांनी येते ती प्रेग्नन्सी टेस्टचं किट घ्यायला, चेहरा पडलेला. गोळी का सोडली विचारलं तर सासूबाई म्हणाल्या फुगलीस, किंवा पेपरात वाचलं. म्हणून हे पत्र, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी पाण्याचं बोलू. साध्या गोळीत दोन हार्मोन्स असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. इस्ट्रोजेनमुळे लिव्हर अँजिओटेन्सिनोजेन नावाचं प्रोटीन जास्त बनवतं, त्यावरून पुढे अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं, आणि ते किडनीला सांगतं मीठ बाहेर टाकू नको. मीठ थांबलं की त्याच्यामागून पाणी थांबतं. म्हणून बांगडी घट्ट होते, छाती जड वाटते, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो. हे खरं आहे, मनाचे खेळ नाहीत. पण हे पाणी आहे, चरबी नाही. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत येतं, बहुतेकींचं दोन-तीन महिन्यांत बसतं आणि गोळी बंद केली तर उतरतं. काट्यावर किलो-दीड किलो इकडेतिकडे दिसेल, तेवढं तर पाळीच्या आधी कुठलीही गोळी न घेणाऱ्या बाईचंही होतं.

आणि गोळीची ही जी ख्याती आहे ना ती बरीचशी जुन्या गोळीची आहे. अमेरिकेत १९६० साली जी पहिली गोळी संततिनियमनासाठी मंजूर झाली तिच्यात इस्ट्रोजेन होतं १५० मायक्रोग्रॅम. आज आपल्या माला-डी आणि सरकारी फुकट मिळणाऱ्या माला-एनमध्ये आहे ३०. इस्ट्रोजेनचा प्रकार वेगळा आहे त्यामुळे आकड्याला आकडा लावून पाचपट म्हणता येणार नाही, पण डोस खूप खाली आलाय एवढं नक्की. आज्यांच्या वेळच्या तक्रारी नातींच्या पाकिटाला चिकटल्यात.

चरबीचं काय? इथे कोक्रेन म्हणजे जगभरच्या वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणारी संस्था, त्यांनी सगळे अभ्यास एकत्र करून बघितले होते, २०१४ ची आवृत्ती आहे, ४९ चाचण्या होत्या, आणि त्यांना दोन हार्मोनच्या गोळीने किंवा कातडीवर चिकटवायच्या पॅचने मोठा असा काही वजनवाढीचा परिणाम सापडला नाही. आता यात प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की गोळी विरुद्ध काहीच नाही किंवा औषध नसलेली खोटी गोळी, अशी सरळ तुलना त्यातल्या फक्त चार चाचण्यांत होती. म्हणजे एखाददुसरीचं वाढतच नाही असं कोणी छातीठोक म्हणू नये. पण सरसकट सगळ्या फुगतात हे साफ चूक. तांबी (कॉपर-टी) बसवलेल्या बायका, ज्यात हार्मोनचा कणही नाही, त्यांचंही वजन वर्षागणिक वाढत जातं असं अभ्यासांत दिसलंय. वय वाढतं, काय करणार.

आपल्याकडे तर गोळी सुरू होते कधी ते बघा ना. लग्न झालं की. आणि लग्न झालं की अजून काय काय सुरू होतं? केळवणं, सत्यनारायण, नवीन घरी कोणाला नाही म्हणता येत नाही म्हणून तिसरी पुरणपोळी, कॉलेजला असताना स्टेशनपर्यंत जे चालणं व्हायचं ते बंद, रात्रीचं जेवण सगळ्यांचं झाल्यावर साडेदहाला. चार महिन्यांनी ब्लाउज होईना की दोष कोणाला, त्या एवढ्याशा पाकिटाला. बाळंतपणानंतरचंही तेच, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, झोपेचा पत्ता नाही, आणि नाव गोळीचं.

पण थांबा, इंजेक्शनची गोष्ट वेगळी आहे आणि मला खरी चीड इथे येते. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं ते डीएमपीए, सरकारी दवाखान्यात २०१७ पासून ‘अंतरा’ नावाने फुकट मिळतं. चांगलं साधन आहे, घरात गोळ्या लपवायला नकोत, रोज आठवण ठेवायला नको, चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या बाईला याची किंमत कळते. पण याने वजन वाढतं. वाढू शकतं वगैरे नाही, सरासरीत वाढतंच. हे माझं मत नाही, कंपनीच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकातच छापलंय, पहिल्या वर्षात सरासरी २.५ किलोच्या आसपास, दोन वर्षांत ३.७, चार वर्षांत ६.३. आणि ही वाढ मुख्यतः चरबीची, पाण्याची नाही, म्हणजे मीठ कमी करून ती उतरणार नाही. सरासरी म्हटलं की काहींचं अजिबात वाढत नाही आणि काहींचं खूप वाढतं हे आलंच. कोणाचं वाढणार ते ओळखायची एक सोपी खूण आहे, पहिल्या सहा महिन्यांत स्वतःच्या वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं तर पुढेही वाढत जायची शक्यता जास्त. ५५ किलोच्या बाईला हे पावणेतीन किलो. म्हणजे पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी वजन करून कार्डावर लिहा, तिसऱ्याच्या वेळी परत करा, एवढंच काम आहे. ते होतं का? आमच्याकडे येणाऱ्या एक बाई, घरकाम करतात, चार घरची धुणीभांडी म्हणजे व्यायाम काही कमी नाही, त्यांनी इंजेक्शनने अंगाने सुटले म्हणून दवाखान्यात सांगितलं तर उत्तर मिळालं ‘असं काही नसतं, भात कमी खा’. त्या बाईने भात बंद केला आणि भाकरीवर आली, वजन काही हललं नाही, शेवटी कोणालाही न सांगता इंजेक्शनच चुकवलं. पर्याय सांगितला असता तर?

आणि पर्याय आहेत हो. तांबी आहे, हार्मोनशिवाय, ३८० ए म्हणतात ती दहा वर्षं चालते. ‘छाया’ आहे, आपल्या लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेने शोधलेली सेंटक्रोमन गोळी, दुकानात ‘सहेली’ नावाने १९९१ पासून आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा, त्यात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन नाही. पाळी लांबू शकते हा तिचा त्रास, तो आधीच सांगितलेला बरा नाहीतर बाई घाबरून किट आणायला पळते. इंजेक्शन सोडणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा की शेवटच्या इंजेक्शननंतर परत दिवस राहायला सरासरी सात ते दहा महिने जातात, पण म्हणून त्या काळात राहणारच नाहीत या भरवशावर बसू नका, तारीख चुकली की दुसरं काहीतरी वापरायला लागा.

मधल्या काळात एक महागडी गोळी फार खपायला लागलीय, ड्रॉस्पिरेनोनवाली. पीसीओडीच्या मुलींना लिहून देतात आणि मैत्रिणी-मैत्रिणींत ती ‘वजन न वाढवणारी’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यात तथ्य एवढंच की ड्रॉस्पिरेनोन हे लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर टाकणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोन या औषधाच्या जातकुळीतलं आहे, गोळीतलं ३ मिलिग्रॅम म्हणजे त्या औषधाच्या साधारण २५ मिलिग्रॅमएवढं. म्हणून फुगल्यासारखं कमी वाटतं. फरक किलोच्या आतला. पण किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर रक्तात पोटॅशियम वाढू शकतं आणि गुठळीचा धोका साध्या माला-डीसारख्या गोळीपेक्षा थोडा जास्तच धरतात. त्यामुळे ‘मैत्रिणीची द्या ना’ म्हणत येणाऱ्यांना मी डॉक्टरची चिठ्ठी मागते, काही जणी चिडून पलीकडच्या दुकानात जातात, जाऊ देत.

आता गणपती तोंडावर आलेत म्हणून एक वेगळीच गोष्ट. श्रावणापासून आमच्याकडे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची रांग लागते. आई येते मुलीसाठी, सून येते स्वतःसाठी, घरी बाप्पा बसणार, गौरी येणार, पाळी यायला नको. (यायला नको का, हा वेगळ्या पत्राचा विषय.) ती नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा म्हणजे १५ मिलिग्रॅम. याच औषधाची मिनी-पिल, म्हणजे एकाच हार्मोनची संततिनियमनाची गोळी, असते परदेशात, तिच्यात दिवसाला असतं ०.३५. बघा किती फरक. शिवाय एवढ्या डोसमध्ये त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. मग पोट फुगतं, अंग जड होतं, आरतीला उभं राहिलं की पाय भरून येतात, आणि मग बायका म्हणतात बघा हार्मोनच्या गोळीने असं होतं, म्हणून मी संततिनियमनाची गोळी घेत नाही! अहो दोन्ही वेगळ्या आहेत. आणि उलटा गैरसमज तर जास्त महाग पडतो, की पाळी ढकलायची गोळी घेतेय म्हणजे दिवस राहणार नाहीत. ढकलायला घेतात तशी ती संततिनियमनाचं काम करत नाही.

अजून एक प्रकार, अंगावर पाणी वाटलं की थेट लघवीची गोळी मागायला येतात, कुणीतरी जिममध्ये सांगितलेलं असतं. एका दिवसात काटा खाली येतो म्हणून खूश, पण गेलं ते पाणी आणि सोबत पोटॅशियम, चरबी जिथल्या तिथे. बीपी नसताना, डॉक्टरने सांगितलेलं नसताना ही गोळी घेऊ नका. त्यापेक्षा मिठाकडे बघा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, सगळ्या दिवसाचं मिळून. आपलं दोन वडापाव, ऑफिसातली फरसाणची पुडी, रात्री वरणभाताबरोबर पापड आणि लोणचं, आणि पावसाळ्यात मासळी बंद असते म्हणून सुकट नाहीतर सुके बोंबील, कुठे थांबणार ते पाच ग्रॅम. त्यात ऑगस्टची दमट हवा आणि ठाण्यापर्यंत उभ्याने प्रवास, पाय तर गोळी न घेणारीचेही सुजतात.

वजन करायचंच तर एकाच काट्यावर, सकाळी, पोट साफ झाल्यावर, आणि पाळीच्या साधारण त्याच दिवसांत करा. पाळीच्या आदल्या दिवसाचं वजन मागच्या महिन्यातल्या पाळी संपल्यानंतरच्या वजनाशी लावून रडत बसण्यात काही अर्थ नाही.

मात्र एक सूज अशी आहे जिच्यात दोन-तीन महिने वाट बघायची नसते. दोन्ही पाय संध्याकाळी थोडे भरले ते चालतं. एकच पाय सुजला, पोटरी दुखतेय, गरम लागतेय, किंवा अचानक दम लागतोय, छातीत दुखतंय, तर तडक हॉस्पिटल गाठा आणि गोळी चालू आहे हे तिथे पहिल्यांदा सांगा, लाजू नका. असं क्वचितच होतं, पण इस्ट्रोजेनच्या गोळीने गुठळीचा धोका वाढतो हे पक्कं आहे, आणि वय पस्तिशीच्या पुढे आणि सिगारेट असेल तर ही गोळी नकोच. माला-डी चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून बीपी मोजायचंच नाही असं करू नका, वजनाच्या काट्यापेक्षा बीपीचं मशीन जास्त कामाचं आहे.

याच मुंबईत रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं, लोकांच्या शिव्या खाऊन. शंभर वर्षं उलटून गेली तरी आपल्या मराठी पेपरात साधनांची नावं घ्यायला संकोच, ‘हार्मोनची साधने’ म्हणून मोकळे. तर विनंती अशी की पुढच्या पुरवणीत एक चौकोन छापा, माला-एन, अंतरा, छाया, तांबी, हार्मोनवाली कॉइल अशी एकेकीची नावं घालून, कशाने पाणी साठतं, कशाने चरबी वाढते, कशाने काहीच होत नाही, आणि कुठल्या दवाखान्यात काय फुकट मिळतं ते. टाइप जरा मोठा ठेवा, मी तो कापून काउंटरच्या काचेवर लावणार आहे.

आपली,
एक वाचक, लालबाग, मुंबई