खुलं पत्र: कृषिमंत्री साहेब, पानात वाया जाणाऱ्या कार्बनवर पण पैसे लावा

मा. कृषिमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
रामराम.

निफाड तालुक्यातून लिहितोय. खत, विमा, कांद्याचा भाव यावर तुमच्याकडे रोज निवेदनं येतात आणि यायलाच पाहिजेत, पण मला आज पानाबद्दल बोलायचंय.

गहू, सोयाबीन, कांदा, द्राक्ष, या सगळ्यांच्या पानात रुबिस्को नावाचं एन्झाइम हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडतं आणि त्यातून साखर बनते, पण ते मधेच ऑक्सिजन पण पकडतं, मग ते निस्तरण्यात झाडाची ताकद जाते आणि धरलेल्यातला काही कार्बन परत हवेत. ऊन तापलं की हे अजून वाढतं, उशिरा पेरलेला गहू मार्चमध्ये मार खातो त्यातलं एक कारण हे पण आहे. ऊस, मका, बाजरीत हा तोटा अगदी कमी.

अमेरिकेत इलिनॉय युनिव्हर्सिटीच्या टीमने तंबाखूच्या पानात हे निस्तरायचं काम कमी ताकदीत उरकणारी जवळची वाट बसवली, 2019 ला निकाल आला, शेतात झाडाचं वजन 40 टक्क्यांच्या आसपास जास्त भरलं. तंबाखूचं वजन म्हणजे गव्हाचे दाणे नाहीत हे कळतं मला, पण दिशा तर दिसली ना!

आणि साखर कुठं वळवायची हे आम्हा बागायतदारांना नवीन नाही साहेब. गर्डलिंगला सालीची रिंग काढतो ती कशासाठी, पानातली साखर खाली मुळाकडं न जाता घडात थांबावी, मणी फुगावा म्हणून. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत साठा नीट झाला नाही तर ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, माल कमी निघतो, हे इथं पोरासोरांना माहितीये.

मागणी एवढीच आहे की निफाडच्या गहू संशोधन केंद्रात कोणत्या वाणाचं पान तापलेल्या उन्हात जास्त कार्बन धरतं हे मोजायला मशीन, माणसं आणि सलग काही वर्षांचा निधी द्या, एका वर्षात यातलं काही होत नसतं. बाहेरचा जीन नसलेल्या जीनोम एडिटेड, म्हणजे झाडाच्या स्वतःच्याच जीनमध्ये नेमका बदल केलेल्या पिकांना केंद्राने 2022 मध्ये नियमातून सूट दिलीये, 2025 ला भाताचे असे दोन वाण जाहीर पण झाले, मग आपल्या गव्हा-कांद्यावर राज्याने का थांबायचं? फक्त बियाणं सरकारी संस्थेचं पाहिजे आणि घरचं ठेवून परत पेरता आलं पाहिजे, ही अट आत्ताच लिहून घ्या.

रब्बीच्या पेरणीआधी निफाडला बैठक लावा, शेतकरी आम्ही जमवतो.

आपला,
निफाड तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार